बंदुकीचा पहिला ओरखडा

नवी बंदूक घरात आली त्या दिवशी जानकीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, ही तिचीच चूक. तिनं केलं थट्टेनं, पण यशवंतानं ते मनावर घेतलं. वाडीतल्या प्रशांतच्या गाडीतून पणजीहून आलेला माणूस, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पण तोंडावर तेज नवरदेवाचं. उंबऱ्याबाहेर बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "पायार पाणी घाल गो. तशीच आत कशी येतली ती?"

"कोणाच्या पायार? तिका पाय खय आसत?" जानकी म्हणाली. पण पाणी घातलं, त्याच्याच पायांवर.

बंदूक होतीच तशी देखणी. एकनळी, नळी काळीभोर, आणि मागचा लाकडी दस्ता असा तुकतुकीत की त्यात खिडकीचे गज दिसायचे. यशवंताच्या बापाची ठासणीची बंदूक होती, पण तिच्या नळीला चीर गेली म्हणून ती पोलिस स्टेशनात जमा करावी लागली. शेतराखणीचा परवाना यशवंताच्या नावावर आणि हात मात्र रिकामे, अशी बरीच वर्षं गेली. आता ही आली, आणि घरात दुसरं काही राहिलंच नाही. तिला गुंडाळायला जानकीच्या लग्नातली शाल पेटीतून निघाली. स्वयंपाकघराच्या भिंतीला ठेवली तर चुलीचा धूर लागतो, पडवीत ठेवली तर कोंबड्या येतात. शेवटी मधल्या खोलीत, खाटेवर, यशवंताच्या बाजूला तिची सोय झाली. काडतुसं कुलपात, किल्ली यशवंताच्या करगोट्याला, आणि जानकी खाली चटईवर.

शेजारची सुलोचना तोंडाची फटकळ. ती कुंपणाच्या गडग्यावरूनच विचारायची, "काय गो जानकी, सवत बरी आसा मगो? खाता-बिता काय?"

"खायत नाय गो बाय. नुसता तेल पिता."

दोघी खिदळायच्या. यशवंत आतून खाकरायचा. पण खरंच रोज संध्याकाळी तो बंदूक मांडीवर घेऊन खोबरेलाची चिंधी फिरवायचा, मग खांद्याला लावून, दस्त्यावर गाल टेकून, एक डोळा मिटून खिडकीतून माडाच्या शेंड्यावर नेम धरायचा. रिकामीच. मग एक सुस्कारा सोडायचा आणि शाल गुंडाळायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा एवढा सुस्कारा जानकीच्या वाट्याला आला नव्हता.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण डोंगराच्या पायथ्याचा मळा पिकायला लागला.

शिगमा उलटला की वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताला पिवळी झाक येते. तो मळा म्हणजे अख्ख्या वाडीचं वर्षाचं पोट. थंडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून, कंबर मोडून केलेली लावणी. जानकीच्या दोन कुणग्या, भाताचे दोन तुकडे, अगदी डोंगराला लागून, त्यामुळे रानडुकरं उतरली की पहिलं तोंड तिथंच घालायची. डुक्कर खातं थोडं आणि नासवतं जास्त. लोळतं, नांगरतं, बांध उकरतं. म्हणून दाणा भरल्यापासून कापणीपर्यंत सांजेला आणि पहाटेला राखण लागते. राखणदारानं करायचं एवढंच, की आभाळात एक बार काढायचा. डुकराला मारायचं नाही, नुसतं सांगायचं की इथं माणूस आहे.

वाडीत परवान्याच्या बंदुका दोनच. दुसरी सुलोचनाच्या नवऱ्याची, मारुतीची. तिला बंदूक म्हणायलाही जरा धीर लागायचा. दस्त्याचा कोपरा उडालेला, मधे तांब्याची तार गुंडाळलेली, नळीवर जागोजाग चरे. मारुती ती काठीसारखी टेकत बांधावरून चालायचा. पण बार काढला की डोंगर दुमदुमायचा. नेमकं यंदा मारुतीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, आणि डॉक्टरांनी धूर नको, धूळ नको, बार तर नकोच म्हणून बजावलेलं. म्हणजे सगळी राखण एकट्या यशवंताच्या गळ्यात पडली.

आणि यशवंत राखणीला गेला तो पत्र्याचा डबा आणि गर्नालांची, मोठ्या फटाक्यांची पिशवी घेऊन.

पहिल्यांदा डुकरं पळाली. मग थोडी दूर जाऊन थांबायला लागली. डोक्यावरून विमानं जायला लागल्यापासून ती आवाजाला तशीही सरावली होती. गर्नाल फुटलं की मान वर करून बघायची, आणि पुन्हा खाली घालायची. एका सकाळी जानकी मळ्यात गेली तर वरच्या कुणगीचा कोपरा चिखलात गेलेला. पिवळी कणसं काळ्या राड्यात लोळवलेली, बांध फुटून पाणी खाली उतरलेलं. ती तशीच चिखलात बसली आणि कणसं उचलून धुवायला लागली. धुऊन काय होणार होतं! पण हातांना दुसरं सुचेना.

प्रशांतची कुणगी त्याखालची. बांधावर उभा राहून तो यशवंताला म्हणाला, "काका, बंदूक नसली तर तिची शाल तरी आणा. डुकर लाजान मागे फिरतले."

चार माणसं हसली. यशवंताचे कान लाल झाले. जानकीला नवऱ्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग मोठा होता. घरी येताच तिनं पदर खोचला.

"शेत राखूक बंदूक घेतलात, की बंदूक राखूक मी शेत केलंय?"

"तुका समजाचा नाय. गडग्यार चढताना घासली तर? दंव पडता, लोखंडाक जंग धरता. जरा जुनी होवंदे, मगे नेतलंय."

"न वापरता जुनी कशी होतली?"

यशवंत खाटेवरची शाल नीट करायला लागला. जानकी पाय आपटत काजूच्या बिया भाजायला गेली.

त्याच दिवशी दुपारी ते घडलं. यशवंत काजूच्या बागेत बोंडं वेचायला गेला होता. पडवीत उन्हं आली म्हणून जानकीनं भाजलेल्या बियांची टोपली आत आणली आणि खाटेला जरा धक्का लागला. जरासाच. पण शाल गुळगुळीत आणि दस्ता त्याहून गुळगुळीत. बंदूक शालीतून सरकली ती सरळ खाली, आणि खाली नारळ खवायची आदोळी, पातं वर करून बसलेली.

खर्रकन् आवाज झाला. जानकीच्या काळजावरच तो उमटला म्हणायचा. उचलून बघते तर दस्त्यावर, नेमका गाल टेकायच्या जागी, बोटभर लांब ओरखडा. आतलं पांढरं लाकूड डोळे वटारून बघतंय.

"मेलंय गे बाय," ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कोंबडी तेवढी होती.

तिनं कोळसा उगाळून लावला. पुसला गेला. कॉफीची पूड लावली, तर त्या जागेला वास तेवढा आला. मग तिला आठवलं, सासरे वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूचा डीक लावायचे. भाजताना बियांच्या टरफलांतून निघणारं ते काळं चिकट तेल. वासे कसे काळे चकचकीत दिसायचे! डीक तर पडवीत करवंटीत भरलेलाच होता. तिनं काडीला चिंधी गुंडाळली, हलक्या हातानं डीक लावला, निथळू दिला, आणि लांब जाऊन बघितलं. ओरखडा गायब! लाकडाच्या रेषांत एक रेष वाढली एवढंच. तिनं आनंदानं स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली असती, पण हात पोचेना.

डीक लागला की कातडं भाजतं हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. जानकीचा तर जन्म त्यात गेला. पण भीती बसली की शहाणपण आधी पळतं. संध्याकाळी यशवंतानं नेहमीसारखी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकला, डोळा मिटला, तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. तोंडाशी आलेलं "अहो" तिनं गिळलं.

"आज कशी मऊ लागता गो," यशवंत लाडानं म्हणाला आणि गाल जरा घासला सुद्धा.

सकाळी त्याचा गाल पुरीसारखा फुगलेला. मधोमध काळी पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेले फोड. "सुरवंट फिरलो," तो आरशात बघत म्हणाला. "नायतर कोळी मुतलो." जानकी चुलीत फुंकर घालत राहिली. विस्तव चांगला पेटला होता तरी फुंकत राहिली.

एवढ्यात ताक द्यायला सुलोचना आली आणि मागून तिचा हात धरून, डोळ्यावर पट्टी बांधलेला मारुती. सुलोचनानं एकच नजर टाकली.

"ह्यो डीक. डीक माका कळोखात पण वळखूक येता. यशवंतभाऊ, काल बियो गालान फोडलात काय?"

मारुतीनं उघड्या डोळ्यानं वाकून बघितलं. "अरे, ह्यो तर सरळ दस्त्याचो छाप! सुलू, बघ, बंदुकीन मुको घेतल्यान ह्येचो." आणि तो पडवीच्या खांबाला धरून असा हसला की सुलोचना ओरडली, "हळू हसा, टाको तुटात!" ती दोघं गेली ती हसतच, आणि वाडीत बातमी त्यांच्याही आधी पोचली.

यशवंत खाटेवर बसून राहिला. जानकीनं भिरंडेलाचा, कोकमाच्या तेलाचा गोळा ऊन करून आणला आणि त्याच्या गालाला चोळायला लागली. त्यानं दात खाल्ले. मग तिचा हात धरला आणि उजेडात उलटा-सुलटा करून बघितला. बोटांची टोकं काळी, जागोजाग सालं निघालेली, एका ठिकाणी भेग.

"तुका असाच दुखता?"

"दर वर्साक."

"सांगलंस नाय कधी."

"तुमी इचारलात कधी?"

त्याचा तो पडलेला, एका बाजूला फुगलेला चेहरा बघून जानकीला राहवेना. "डीक मीच लावलंय," ती म्हणाली. "माझ्या हातान पडली. आदोळीर. ओरखडो पडलो म्हणान डीक भरलंय. मारूचा तर मारा, पण असे गप बसान ऱ्हवू नका."

यशवंतानं कधी तिच्यावर हात उगारला नव्हता. तरी ती म्हणाली खरी. तो उठला. शाल सोडून बंदूक दारात नेली, चिंधीनं डीक पुसला. ओरखडा वर आला, आता काळा, पक्का. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"माझ्या जल्मात नवी वस्तू ही एकच गो," तो हळू म्हणाला. "बंदूक बापाशीची, सायकल भावाची. खाणीर गेलंय थय ट्रक दुसऱ्यान मोडून दिलेलो. लग्नातलो कोट सुदिक मागून आणलेलो. वाटला, एक तरी नवी आसांदे. नवीच ऱ्हवांदे."

जानकीला खरंच वाईट वाटलं. एवढी वर्षं संसार करून हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिची जीभ तिच्या काळजापेक्षा नेहमी एक पाऊल पुढं.

"आणि मी? मी जुनी होतंय?"

"तू... तू नवी होतंस."

"मगे माका शालीत गुंडाळून ठेवलात काय? लावणेक लावलात, डोंगरार चढवलात, डिकात बुडवलात. आता बघा कशी दिसतंय ती. टाकून दितल्यात?"

यशवंतानं तिच्याकडे बघितलं. आधी त्याच्या नाकातून आवाज आला, मग खांदे हलले, आणि मग तो मोकळाच सुटला. हसताना गाल ताणला की "आय आय" करायचा आणि परत हसायचा. जानकीनं भिरंडेलाचे हात पदराला न पुसताच डोळे पुसले, म्हणून तिच्याही तोंडावर तेल. एवढं दोघं मिळून हसलेली केव्हा, हे तिला आठवेना.

सांजेला ती मळ्यातल्या बांधावर गवत कापत होती. उन्हं डोंगराआड गेली, पण उजेड होता. आणि वरच्या झाडीत काटक्या मोडल्या. बघते तर एक डुकरीण, मागं पिलांची रांग, त्यामागं आणखी चार-पाच मोठी धूडं. उजेडात, माणसादेखत, वाट आपल्या बापाची असल्यासारखी सगळी सरळ तिच्या कुणगीत उतरली. प्रशांत डबा बडवत धावला. डुकरांनी मान सुद्धा वळवली नाही.

"अहोऽऽ!" जानकीनं घराच्या दिशेनं हाक घातली. "येवाऽऽ! सगळा जातलाऽऽ!"

यशवंत आला. लेंगा गुडघ्यापर्यंत, गालाला तेल चकाकतंय, एका हातात बंदूक. शाल नाही, चिंधी नाही. मळ्याच्या कडेचा चिऱ्यांचा गडगा छातीएवढा. त्यानं बंदूक गडग्यावर ठेवली, स्वतः चढला, चिरा निसटला आणि तो पलीकडं घसरला. बंदूक त्याच्याबरोबर चिऱ्यांवरून खरवडत खाली आली. खर्रर्र! तो आवाज मळ्यात सगळ्यांनी ऐकला. प्रशांतचा डबा थांबला. जानकीनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा यशवंत चिखलात दस्ता रोवून, त्यावर भार देऊन उठत होता. त्यानं बंदुकीकडं बघितलंच नाही. नळीत डोकावून फुंकर मारली, काडतूस भरलं, नळी आभाळाकडं केली.

बार असा झाला की जानकीच्या हातातला विळा पडला. डोंगरानं तो आवाज झेलला, पलीकडच्या डोंगराला दिला, आणि तो परत आला. डुकरीण जागच्या जागी वळली. पिलं एकमेकांवर आदळत, किंचाळत निघाली, मोठी धूडं झाडी मोडत वर गेली. यशवंत त्यांच्यामागं बांधावरून धावत, चिखलात रुतत, बंदुकीनं काटेरी झुडपं बाजूला सारत पार डोंगराच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथं त्यानं दुसरा बार काढला. तो गरजेचा नव्हता. तो हौसेचा होता.

वाडी खाली उतरली. मारुती पट्टी बांधून आला, डॉक्टर गेले खड्ड्यात. प्रशांतनं हुर्राकाची, काजूच्या दारूची बाटली आणली, बाटलीत मिरची आणि मीठ. यशवंत बांधावर बसला होता, पायांत काटे, मांडीवर बंदूक. नळीवर वीतभर चरा, दस्त्याचा कोपरा उडालेला, सगळीकडं चिखल.

मारुतीनं तिच्यावरून हात फिरवला. "आता कशी घरातली दिसता! आदी दुकानातली वाटा होती." प्रशांतनं रुमाल काढून चिखल पुसायला घेतला, तर यशवंत म्हणाला, "ऱ्हवांदे रे. पयली ती बाटली दी." आणि जानकीकडं वळून, "गो, कितक्या खाल्ल्यानी?"

"कोपरोच. बाकी आसा उभा."

"मगे झाला," तो म्हणाला आणि एका दमात ग्लास रिकामा केला.

कापणीपर्यंत तो रोज सांज-पहाट राखणीला गेला. बंदूक खाटेवरून खुंटीवर आली आणि जानकी चटईवरून खाटेवर. भात झोडलं, वाळवलं, कणगी भरली. प्रशांतनं त्या शालीच्या गोष्टीबद्दल काही न बोलता आपली माणसं आणून यशवंताच्या पेंढ्या वाहून दिल्या. म्हापशाहून लेक अश्विनी माहेरी आली, तेव्हा नव्या तांदळाचे घावन झाले, आणि सुलोचनानं बापाच्या गालाची गोष्ट लेकीला अभिनयासकट सांगितली.

पावसाआधी परवान्याची तपासणी असते. जानकीला पेडण्याच्या बाजारात मिठागराचं मीठ घ्यायचं होतं, म्हणून तीही बरोबर गेली. पोलिस स्टेशनातल्या लांब टेबलावर बंदुका मांडलेल्या. बहुतेक लखलखीत, एकदोन तर अजून कंपनीच्या पिशवीत. एका बागायतदारानं आपली मखमलीच्या पेटीत आणली होती. हवालदारानं यशवंताची उचलली, क्रमांक जुळवला, आणि उजेडात धरून कपाळाला आठ्या घातल्या. दस्त्यावरची काळी रेघ, उडालेला कोपरा, नळीवरचे चरे त्यानं एकेक करून बघितले. पेटीवाला मान लांब करून बघायला लागला.

चार माणसांत नवरा कानकोंडा होईल, ह्या भीतीनं जानकीनं पदर तोंडाशी नेला.

"शिगम्याआधी आणलेली तेव्हा आरसो होती ही," हवालदार म्हणाला. "एका मोसमात काय झाला हिका?"

यशवंतानं बंदूक त्याच्या हातातून घेतली आणि खांद्याला अडकवली.

"काय जावचा, साहेब?" तो हसला. "शेत पिकला."